जोतिबाच्या चढावर माझं पत्रक

कोल्हापूरला जायच्या आधीच मी कोल्हापूरवर पत्रक लिहून, छापून, सुतळीनं बांधून तयार ठेवलं होतं. पाहायचं काय ते नंतर पाहू, असा तेव्हाचा माझा खाक्या होता. आणीबाणी उठून फार काळ झाला नव्हता. बोलायची मोकळीक परत मिळाली होती आणि आम्ही नाशिकची आठ-दहा पोरं गप्प राहिलेल्या दिवसांची भरपाई करत सुटलो होतो. सायकलच्या दुकानावरची एक खोली, एक टेबल आणि भरपूर राग, एवढी आमची संघटना.

झालं होतं असं, की आमच्यातला विलास बहिणीकडे कोल्हापूरला जाऊन आला आणि सांगू लागला, एका तालमीच्या दारात म्हातारी माणसं एकाच पायरीवर चढतायत, उतरतायत, पुन्हा चढतायत, आणि एक डॉक्टरीणबाई हातात घड्याळ घेऊन त्यांची नाडी मोजतेय. चौकशी केली तर म्हणे, हे सगळे हृदयविकाराचा झटका येऊन गेलेले रुग्ण. संशोधन चाललंय.

माझ्या काकांना झटका आला होता तेव्हा आमच्या घरात त्यांना मोठ्यानं खोकायचीही बंदी होती. कूस बदलायची तर दोघं धावायचे. आणि इथं पायऱ्या? मी त्याच संध्याकाळी लिहायला बसलो. मथळा दिला, ‘रुग्ण की उंदीर?’ छापखानेवाल्यानं मथळ्याखाली खरोखरच उंदराचा ठसा टाकून दिला. तो खारीसारखा दिसत होता, पण संतापाच्या भरात कुणाचं लक्ष गेलं नाही.

तालमीचा कट्टा

एस.टी.नं अंग खिळखिळं करून सोडलं होतं, म्हणून आधी खाऊन घेऊ म्हटलं. मिसळीच्या बाबतीत नाशिकचा माणूस कुणाला भीत नाही. गल्ल्यावरच्यानं विचारलं, “पावणं, वरनं कट वाढू?” कट म्हणजे काय ते माहीत नव्हतं, पण माहीत नसल्याचं कबूल करण्याची मला सवय नव्हती. “वाढा की,” म्हटलं. लाल तेलाचा तो डोह पावासोबत संपवला तेव्हा माझ्या कानांतून वाफ येत होती. शेजारच्या बाकावरचा गृहस्थ कौतुकानं बघत होता. म्हणाला, “कुठलं पावणं?” नाशिकचा म्हटल्यावर म्हणाला, “तरीच. घाम बगा की किती आलाय.”

या गावात पत्ता तालमीनं सांगतात. आमच्याकडे देवळावरून सांगतात, इथं अमक्या तालमीच्या मागं, तमक्या तालमीच्या पुढं. मला हवी होती ती तालीम पेठेच्या एका चौकात होती. बाहेर दगडी कट्टा, आत अंधार, अंधारात तांबड्या मातीचा आणि तेलाचा वास, कोनाड्यात शेंदरी मारुती. कट्ट्यावर लिंबाच्या सावलीत एक खुर्ची, एक टेबल, आणि ती बाई. चष्मा, सुती साडी, मनगटावर पुरुषी घड्याळ. डॉक्टर सबनीसबाई.

मी झोळी सावरली आणि घरून पाठ करून आणलेलं पहिलं वाक्य टाकलं, “आपण बाहेर का बसला आहात?” खरं तर हे पाठ केलेलं वाक्य नव्हतं. पाठ केलेलं विसरलो होतो.

“बायका हौद्यात उतरत नाहीत,” त्या म्हणाल्या. हौदा म्हणजे कुस्तीच्या मातीचा चौक. “तालमीनं जागा दिली, ती कट्ट्यावरची दिली. मी बसतो इथं.”

कोल्हापूरच्या बायका ‘मी बसतो, मी जातो’ म्हणतात, हे मला ठाऊक नव्हतं. त्यामुळे क्षणभर माझं रागाचं सूत तुटलं. ते पुन्हा जोडून मी म्हटलं, “हा स्त्रियांवर अन्याय आहे.”

“त्याच्यावर वेगळं पत्रक काढा,” त्या माझ्या झोळीतून डोकावणाऱ्या पत्रकांच्या गठ्ठ्याकडे बघत म्हणाल्या. “आधी चपला काढा. चपला घालून चढलाय तुम्ही कट्ट्यावर.”

आतून एक गडगडाटी आवाज आला, “कोण हाय त्यो?” पाठोपाठ आवाजाचे धनी बाहेर आले. बाळू वस्ताद. दारात हा माणूस उभा राहिल्यावर दार दिसेनासं झालं. मी खाली उतरून, चपला काढून, अनवाणी पुन्हा चढलो. अन्यायाविरुद्धच्या लढ्याची अशी सुरुवात मी आधी कुठं केली नव्हती.

तेवढ्यात काम सुरू झालं. तालमीच्या दाराची उंच दगडी पायरी हेच बाईंचं यंत्र. त्या पायरीवर ठरलेल्या लयीत चढायचं-उतरायचं, मग बसायचं आणि बाई नाडी मोजणार, ती किती वेगानं धावली आणि किती लवकर खाली आली. लय देण्याचं काम बाळू वस्तादांकडे. ते हातातली काठी फरशीवर आपटत. पण जन्मभर पोरांना जोर-बैठका मोजून घेतलेला माणूस. समोरचा जरा बरा चढताना दिसला, की यांची काठी आपोआप जलद व्हायची. “वस्ताद, लय,” बाई मान वर न करता म्हणायच्या. “चुकलंच,” म्हणत वस्ताद काठी आवरायचे. दोन मिनिटांनी पुन्हा तेच.

पायरीवर चढत होते ते उंच, काटक, पांढरी टोपी घातलेले म्हातारे गृहस्थ. पारिसा मगदूम. गडमुडशिंगीचे जैन शेतकरी, सगळे त्यांना आण्णा म्हणत. झटका येऊन वर्ष होत आलं होतं. चढता-उतरता ते अखंड बोलत होते. शेजारच्या शेतकऱ्यानं त्यांची पाण्याची पाळी कशी खाल्ली, मग पंचांपुढं तो काय म्हणाला, हे काय म्हणाले, पंच काय म्हणाले. माणूस चढतोय का भांडतोय, कळत नव्हतं.

“बघा,” मी विजयानं म्हटलं, “त्यांना बोलण्यात गुंतवून तुम्ही त्यांचे हाल लपवताय.”

बाईंनी नाडी मोजून झाल्यावर माझ्याकडे पाहिलं. “पुस्तकात लिहिलंय, दमलात की सांगा म्हणून रुग्णाला सांगावं. मी सांगितलं. हे कोल्हापूर आहे. चार माणसांसमोर दमलो म्हणणारा माणूस मला आजवर मिळाला नाही. सुरुवातीला एकजण ‘काय हुत न्हाय वो, काय हुत न्हाय’ म्हणत म्हणत तिथं त्या कोपऱ्यात ओकला. तेव्हा ध्यानात आलं, ही माणसं दमलो म्हणणार नाहीत, पण बोलायचीही थांबणार नाहीत. म्हणून बोलायला लावतो. वाक्य मधे तुटलं, की मी थांबवतो.”

“आणि झटका आलेल्या माणसाला चढवायचंच कशाला?”

“पायाला प्लास्टर घातलेलं पाहिलंय का? काढल्यावर पाय कसा होतो? काटकी. वर्षभर खाटेवर ठेवलेल्या माणसाचं सगळंच तसं होतं, काळजासकट. मी आधी आण्णांना खाटेवर बसायला लावलं, मग अंगणात चालवलं, मग रंकाळ्याच्या काठानं, मग ही पायरी. औषध थेंबाथेंबानं वाढवतात तसं.”

“तुम्हाला खात्री आहे हे बरोबर आहे याची?”

“खात्री नाही म्हणून तर मोजतो,” बाई म्हणाल्या.

मला पूर्ण खात्री होती, म्हणून मी काहीच मोजलं नव्हतं. हा फरक तेव्हा माझ्या लक्षात आला असता तर माझे पुढचे हाल वाचले असते. पण मी म्हणालो, “ही पायरी माणुसकीला धरून आहे की नाही, हे मी स्वतः चढून ठरवीन.”

“आज काय खाल्लंय?”

“मिसळ.”

“मग उद्या या.”

“अन्यायाला उद्याची वेळ नसते,” असं काहीतरी मी म्हणालो. वस्तादांनी काठी उचलली. बाईंनी कपाळाला हात लावला, पण नाही म्हणाल्या नाहीत; फक्त “बोलत राहायचं” एवढं बजावलं. बोलत राहणं हा तर माझा धंदा. मी पायरीवर उभा राहून सुरू केलं, “बंधूंनो, या देशातल्या आरोग्यव्यवस्थेचं मूळ दुखणं...” दुखण्यापर्यंत ठीक होतं. त्यानंतर साम्राज्यवादाचा उल्लेख यायचा होता. साम्राज्य आलं, वाद आला नाही. कट मात्र घशापर्यंत आला. वस्तादांची काठी जलद झाली होती, की माझे पाय हळू झाले होते, देव जाणे. मी कट्ट्यावर बसलो.

“भाषण संपलं जणू,” वस्ताद म्हणाले.

“छान बोलत हुतं की,” पारिसाआण्णा मनापासून हळहळले. “मधीच का बसलं?”

बाईंनी माझं मनगट धरलं आणि बराच वेळ सोडलं नाही. मग म्हणाल्या, “तुमच्याहून आण्णांची नाडी लवकर खाली येते. रविवारी आम्ही जोतिबाला चाललोय. अर्धी वाट गाडीनं, वरचा टप्पा पायी. प्रत्येक रुग्णाबरोबर एक सोबती असतो. आण्णांबरोबर तुम्ही चला. नियम एकच. रुग्णानं बोलायचं, सोबत्यानं ऐकायचं. वाक्य तुटायला लागलं की थांबा म्हणायचं. सोबत्यानं थांबवलं की थांबायचं, माझीही त्यावर हरकत चालत नाही. मी माणसं मारतोय असं वाटत असेल, तर थांबवायला तुमच्यापेक्षा चांगला माणूस मिळायचा नाही.”

आता याला नाही कसं म्हणायचं?

गडमुडशिंगी

दुसऱ्या दिवशी मी पारिसाआण्णांच्या घरी गेलो. उद्देश सरळ होता. पुढच्या पत्रकासाठी घरच्यांची तक्रार मिळवायची. पीडित कुटुंबाची साक्ष नसलेलं पत्रक म्हणजे कटाशिवायची मिसळ, हे मी आता म्हणू शकत होतो.

गाव मोठं, रस्त्याला लागून. दोन्ही बाजूंना ऊस. सोप्यात, म्हणजे घराच्या पुढच्या पडवीत, एक खाट. खाटेवर जाड गादी, उशाला तांब्या, घंटी. हो, घंटी. देवघरातली. आण्णांना काही लागलं तर उठायचं नाही, घंटी वाजवायची. त्यांनी मला “या पावणं” म्हणत पाण्याचा तांब्या उचलला, तर सून आतून धावत आली. “मामा, ठेवा त्यो. मी देतो की.” तांब्या हातातून गेला. आण्णांनी रिकाम्या हाताकडे पाहिलं आणि तो मांडीवर ठेवला.

“असं हाय,” ते मला म्हणाले. “भाकरी मोडून देत्यात. चावाय तेवढं माज्याकडं ठेवलंय.”

दिवस मावळायच्या आत त्यांच्याकडे जेवणं उरकतात. पाहुण्यालाही सूट नाही. ज्वारीची भाकरी, वांगं, दही, आणि खपली गव्हाची खीर, जिला ते हुग्गी म्हणतात. आमच्याकडे पाहुण्याला ‘अजून घ्या ना’ म्हणतात. इथं म्हणत नाहीत, वाढतात. हात आडवा धरला तर हातावर वाढतात. माझ्या पोटातली कालची मिसळ आणि आजची हुग्गी यांची पहिली भेट फारशी सलोख्याची नव्हती.

जेवण झाल्यावर मी आण्णांच्या मुलाला, भरमूला, बाजूला घेतलं. माझ्याहून चार-पाच वर्षांनी मोठा, रुंद खांद्यांचा, कमी बोलणारा. मी त्याला माझं सगळं म्हणणं सांगितलं. मला वाटलं होतं, तो डॉक्टरांची बाजू घेईल आणि मग मी त्याला खोडून काढीन. पण तो सगळं ऐकून घेऊन म्हणाला, “तुमी बोलला ते माज्याच मनातलं हाय.”

मी गडबडलो. माझ्याशी कुणी सहमत झालं की पुढं काय करायचं, याचा मला सराव नव्हता.

“झटका आला तवा आप्पा शेतात हुतं,” भरमू म्हणाला. आण्णांना तो आप्पा म्हणायचा. “उसाला पाणी पाजत हुतं. दारं धरलीवती. मी गेलो तवा पाटात पडलंवतं, तोंड पाण्याच्या भाईर, नशीब. मी उचलून आणलं. तवापासनं मला ती खाट बरी वाटतीया. तितं हाईत ते मला दिसतंय.”

दारं धरणं म्हणजे पाटाचं पाणी खोऱ्यानं एका सरीतून दुसऱ्या सरीत वळवत जाणं. काम फार जड नसतं, पण उभं राहावं लागतं, वाकावं लागतं आणि पाण्याशी बोलावं लागतं, असं आण्णांचं म्हणणं. वर्षभर ते एकच मागत होते. पुन्हा आपल्या उसात दारं धरायची.

“लई मागं लागलं म्हणून तालमीत धाडतोय,” भरमू म्हणाला. “बाईंस्नी मी सांगितलंय. जोतिबा नीट चढून वर गेलं तर शेतात येऊ देतो. न्हाई जमलं तर परत तालीम न्हाय आन पायरी न्हाय. खाट. आता तुमीच सोबतीला हाईसा म्हंता. तुमी थांबवलंसा की मी आप्पांस्नी घरी आणणार, बगा. बाईंचं ऐकणार न्हाय. तुमचा इस्वास वाटतोय मला.”

इतका विश्वास माझ्यावर आजवर माझ्या संघटनेनंही ठेवला नव्हता. मी छाती काढून बाहेर आलो. सोप्यात आण्णा खाटेच्या कडेला बसले होते. भिंत काही फार जाड नव्हती.

“पावणं,” ते म्हणाले, “भरमू भ्यालाय. त्येचं चुकत न्हाय. तुमाला थांबवावं वाटलं तर थांबवा. मी रागाला जाणार न्हाय. पर खोटं थांबवू नका. येवढंच.”

मी दुखावल्यासारखं केलं. म्हणालो, “आमची संघटना खोटं करत नाही.” झोळीतल्या गठ्ठ्याची सुतळी तेव्हा मला खांद्यावर जरा काचली.

जोतिबा

रविवारी सकाळी बाईंनी ठरवलेल्या जीपगाडीतून आम्ही डोंगराच्या मध्यापर्यंत गेलो. तिथून पायवाट. पुढं सबनीसबाई, बाळू वस्ताद आणि दोन रुग्ण. मधे पारिसाआण्णा आणि मी. आमच्यामागं थोडं अंतर राखून भरमू. हवा गार, आकाश धुतल्यासारखं. खाली उसाचे हिरवे तुकडे, त्यांतून धूर निघणारी गुऱ्हाळं. समोर पन्हाळा. वरून उतरणारी माणसं गुलालानं इतकी माखलेली, की भुवया ओळखू येत नव्हत्या. “जोतिबाच्या नावानं चांगभलं,” म्हणत ती आमच्यावरही चिमूटभर उधळून जात. डोंगराची माती, झाडांची खोडं, एक उभी म्हैस, सगळं गुलाबी.

“तुम्ही जैन,” मी आण्णांना विचारलं, “मग जोतिबाला?”

“देव त्येंचा. डोंगूर सगळ्यांचा,” ते म्हणाले आणि लहानपणी बैलगाडीतून चैत्रात इथं कसे आलो होतो ते सांगू लागले. पाय सावकाश, एका चालीत. बोलणं अखंड. मी ऐकत होतो. पाच मिनिटं मी खरंच ऐकलं.

मग त्यांच्या बोलण्यात साखर कारखान्याचा विषय निघाला. आता साखर कारखाना म्हटल्यावर मी गप्प बसणार? सहकार, मक्तेदारी, तोडणीवाल्यांची पिळवणूक, यावर आम्ही दोन पत्रकं काढली होती. मी म्हटलं, “आण्णा, याचं मूळ असं आहे,” आणि मूळ उकरायला बसलो. चढ वाढला. मी मुळापासून खोडापर्यंत आलो. झोळी एका खांद्यावरून दुसऱ्या खांद्यावर घेतली. तिच्यात पत्रकांचा सगळा गठ्ठा होता. वर देवळापाशी गर्दी असते, वाटायला बरं, असा माझा बेत. दोन-तीन वळणं गेली. खोडावरून फांद्यांवर जाताना माझ्या लक्षात आलं, की शेजारून काहीच आवाज येत नाहीये.

मी पाहिलं. पारिसाआण्णा खाली मान घालून चालत होते. ओठ मिटलेले. एक शब्द नाही. कधीपासून नाही, ते मला सांगता येत नव्हतं.

हेच ते. वाक्य तुटणं सोडा, इथं वाक्यच नाही. पाटात पडलेला माणूस माझ्या डोळ्यांपुढं आला. शपथेवर सांगतो, त्या क्षणी पत्रक आठवलं नाही. मी ओरडलो, “थांबा! थांबा! आण्णा बसा!”

सगळे थांबले. भरमू धावत आला, चेहरा पांढराफटक, आणि त्यानं वडिलांना दोन्ही दंडांना धरून दगडावर बसवलं. बाई चढावरून खाली आल्या. त्यांनी मनगट धरलं, घड्याळाकडे पाहिलं. वाटेवरचे दोन गुलाबी भाविकही थांबले.

“आण्णा, काही होतंय?”

“काय न्हाय वो.”

“मग बोलायचं का थांबलात?”

आण्णांनी माझ्याकडे पाहिलं, मग बाईंकडे. त्यांना फार अवघडल्यासारखं झालं होतं. “आता पावणं बोलालतं,” ते म्हणाले. “पावणं बोलत असताना मधी कसं बोलायचं? मगाधरनं वाट बघतोय, कवा थांबत्यात ते. थांबंनातच की.”

वस्तादांच्या पोटातून हसू निघालं ते डोंगरभर गेलं. पण भरमू हसला नाही. तो म्हणाला, “असू दे. पावण्यांनी थांबवलंय. ठरलं हुतं तसं. आप्पा, चला, गाडीत बसा.”

“आरं पर माजं काय झालंय?” आण्णा म्हणाले. आवाज खाली आला होता. “बाई, तुमी तर सांगा.”

“मला नियम मोडता येत नाही,” सबनीसबाई म्हणाल्या. “आज त्यांच्यासाठी मोडला, तर उद्या दुसऱ्यासाठी मोडीन.” मग त्या माझ्याकडे वळल्या. “थांबवलंत तुम्ही. कुणासाठी थांबवलंत, ते तुम्हीच भरमूला सांगा.”

सांगायचं होतं. अगदी मुद्देसूद सांगायचं होतं. की बाबा रे, तुझे वडील ठणठणीत आहेत, चूक माझी आहे, ऐकायचं काम मला दिलं होतं आणि मी तेवढं सोडून सगळं केलं. हे सगळं डोक्यात रांगेनं उभं होतं. मी तोंड उघडलं आणि त्यातून फक्त हवा आली. आत जाणारी आणि बाहेर येणारी. चढावर साखरधंद्याची मीमांसा करत आल्यानं माझ्या छातीचा भाता झाला होता. भरमूच्या चेहऱ्याकडे बघत मी दोनदा प्रयत्न केला. “तु... तुझे...” त्यापुढं जमेना. शेवटी मी बोट उचललं आणि स्वतःच्या छातीवर ठेवलं.

बाईंनी लगेच माझं मनगट धरलं. “बरोबर. दमलेला माणूस हा आहे. वेळेवर थांबवलंत. बसा.”

“म्हंजे आप्पा?” भरमूनं विचारलं.

“आप्पा सोबती. आता यांना वर न्यायचं काम आप्पांचं. तुला मान्य आहे का ते बघ.”

भरमूनं वडिलांकडे पाहिलं. आण्णा त्याच्याकडे बघत नव्हते. खालच्या उसाकडे बघत होते. मग भरमूनं येऊन माझ्या खांद्यावरची झोळी काढून स्वतःच्या खांद्यावर घेतली. “काय भरलंय काय ह्यात,” एवढंच म्हणाला, आणि वरच्या अंगाला चालू लागला.

पुढच्या वाटेचं वर्णन मला फारसं करता येणार नाही. मी बोलायचं आणि आण्णांनी ऐकायचं, असं उलटं ठरलं. “नाशकाचं काय तरी सांगा, पावणं,” ते म्हणत. मी सांगे, “नाशिकला... गोदावरी...” की लगेच हात आडवा. “थांबा. बसा.” इतकं चांगलं माझं कुणी कधी ऐकलेलं नाही. त्या माणसानं माझं एकही अर्धं वाक्य सुटू दिलं नाही. वरून येणाऱ्या एका आजीनं चौकशी केली, “पोराला काय झालंय वो?” आण्णा गंभीरपणे म्हणाले, “बरं हुईल. शिकलेलं हाय.”

वर देवळाच्या आवारात, दीपमाळेजवळच्या कट्ट्यावर मी आडवा झालो. नारळ, खोबरं, गुलाल, दवण्याचा वास, ढोल. आण्णा माझ्या उशाशी बसले होते. वारा घालायला काहीतरी हवं म्हणून त्यांनी भरमूजवळच्या झोळीत हात घातला, सुतळी सैल केली आणि एक कागद काढला. थोडा वेळ वारा घातला. छान लागत होतं. मग वारा थांबला.

डोळे उघडून पाहतो तर आण्णा चष्मा लावून वाचत होते.

उठून कागद हिसकावून घ्यावा, असं मनात आलं. पायांनी नकार दिला.

“बाई,” आण्णा म्हणाले, “ह्ये तुमच्यावर हाय.”

“वाचा की,” बाई म्हणाल्या. “मोठ्यानं वाचा. ऐकू दे.”

आणि पारिसा मगदूम यांनी जोतिबाच्या डोंगरावर, सगळ्यांसमोर, कीर्तनकाराच्या आवाजात माझं पत्रक वाचलं.

“ज्या देशात कष्टकऱ्याच्या घामावर पोसलेली वैद्यकी आपल्या संशोधनाच्या हव्यासापायी, ज्यांच्या हृदयाला अन्यायाच्या घावांनी आधीच चरे पडले आहेत अशा मुक्या, असहाय, दीनवाण्या रुग्णांना, त्यांची संमती तर सोडाच पण त्यांच्या धापेलाही न जुमानता, दगडी पायरीवर चढवते आणि उतरवते, उतरवते आणि चढवते, आणि या यातनांना उपचार असे गोंडस नाव देते, त्या देशातल्या तरुणांनी गप्प बसायचे काय?”

एकच वाक्य होतं ते. लिहिताना मला त्याचा फार अभिमान वाटला होता. त्यांनी ते कुठंही न अडखळता, कुठंही श्वासाला न थांबता, प्रश्नचिन्हापर्यंत नेऊन ठेवलं. आवाज ढोलाच्या वर गेला होता. चार भाविक जमले. एकानं सवयीनं चांगभलं म्हटलं.

सबनीसबाईंच्या हातात घड्याळ होतं, पण त्या घड्याळाकडे बघत नव्हत्या.

“बेस लिवलंय,” आण्णा चष्मा काढत म्हणाले. “जरा थांबायला जागा ठेवाया पायजे हुती. आन ह्यात मुका कोण म्हणायचं?”

“तुमीच की,” वस्ताद म्हणाले.

बाई हसल्या. इतक्या दिवसांत पहिल्यांदा मी त्यांना हसताना पाहिलं. मीही हसायचा प्रयत्न केला, खोकला आला. भरमू मात्र माझी झोळी मांडीवर घेऊन तसाच बसला होता. तो ऐकत असताना वडिलांच्या तोंडाकडे बघत होता, हे मी आडव्यानं पाहिलं होतं. त्यानं गठ्ठ्याची सुटलेली सुतळी सावकाश गुंडाळली, गाठ मारली, आणि खाली मान घालूनच म्हणाला,

“आप्पा, उद्या आपली पाण्याची पाळी हाय. सकाळची. दारं धरायला येतासा?”

आण्णांनी टोपी काढली, गुडघ्यावर ठेवली, पुन्हा घातली. ओठ हलले, पण शब्द आला नाही. बाई सवयीनं त्यांच्या मनगटाकडे सरकल्या. मी आडव्यानंच हात आडवा धरला, आण्णांनी वाटेत माझ्यापुढं धरला होता तसा. बाई थांबल्या.

सोबत्याचं काम त्या दिवशी मी तेवढंच केलं. तोंडातून शब्द न काढता.